एका बॉक्सवर दोन टीव्ही

दिवाणखाना नवा करायचा ठरला तेव्हा सजावटवाल्याने एकच अट घातली. भिंतीवर टीव्ही दिसेल, बाकी काही म्हणजे काही दिसणार नाही. वायर नाही, केबलचा बॉक्स नाही, खालचं ते जुनं लाकडी स्टँड तर नावालाही नाही. मुलाला हे पटलं, सुनेला आधीच पटलेलं होतं, आणि सिस्टरबाईंना कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्याही हो म्हणाल्या असत्या. पण माणसाला विचारायचं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि तेही त्या मनातच म्हणाल्या.

सिस्टरबाई म्हणजे मुलाची आई. सगळी नोकरी हॉस्पिटलच्या वॉर्डात झाली, त्यातली बरीचशी मुख्य सिस्टर म्हणून. त्यांची चप्पल वाजली की शिकाऊ पोरी गप्पा टाकून कामाला लागत आणि मोठमोठे डॉक्टरही शर्टाची बटणं तपासत. शेजारीपाजारीही त्यांना सिस्टरबाईच म्हणत, त्यामुळे खरं नाव बँकेपुरतं उरलं होतं. नवरा गेला, गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्या मुलाकडे राहायला आल्या.

आता बॉक्स दिसायचा नाही म्हटल्यावर तो जायचा कुठे? दिवाणखान्याच्या भिंतीपलीकडे सिस्टरबाईंची खोली होती आणि त्याच भिंतीला टेकून त्यांचं कपाट. केबलवाल्याने भिंतीला एक भोक पाडलं, कपाटाच्या पाठीला दुसरं पाडलं, आणि बॉक्स वरच्या फळीवर चादरींच्या शेजारी नेऊन बसवला.

"अरे, पण रिमोट भिंतीतून कसा चालणार?" सिस्टरबाईंनी विचारलं.

केबलवाल्याने खिशातून शर्टाच्या बटणाएवढी काळी वस्तू काढून दाखवली. तिला शेपटीसारखी बारीक वायर होती. "हा डोळा, आजी. हा बाहेर टीव्हीखाली चिकटवायचा. त्यांनी तिकडे रिमोट दाबला की हा बघतो आणि वायरीतून इकडे तुमच्या कपाटात येऊन बॉक्सच्या कानात सांगतो."

"म्हणजे चहाडखोर आहे," सिस्टरबाई म्हणाल्या. केबलवाला खळखळून हसला.

त्याच बॉक्समधून त्याने आणखी एक वायर काढली आणि सिस्टरबाईंच्या जुन्या टीव्हीला जोडली. मुलाने दारातून जाहीर केलं, "आई, आता तुला तुझ्या खोलीत तुझा स्वतंत्र टीव्ही!" स्वतंत्र म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. बॉक्स एकच, त्यामुळे बाहेर जे लागेल तेच आत दिसणार. केबलवाल्याने तेवढं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि रबर लावून बांधलेला बॉक्सचा जुना रिमोटही त्यांच्या हातात ठेवला. "कपाटाचं दार उघडं असलं तर हाही चालेल, आजी. पण जपून. तुम्ही इथे बदललंत की तिकडेही बदलणार."

खोलीत स्वतंत्र टीव्ही कशाला हवा होता, हेही सांगायला हवं. दिवाणखान्यात नवा सोफा आला होता, इतका खोल की बसलं की माणूस गिळला जायचा. सिस्टरबाई पहिल्या दिवशी त्यावर बसल्या आणि उठताना मुलगा एका हाताला, सून दुसऱ्या हाताला, अशी वरात निघाली. "आई, तुला तिथे अवघडतं," मुलगा म्हणाला. "तू आपली तुझ्या खुर्चीतच बरी." सिस्टरबाईंना वाटलं, मग माझी खुर्चीच बाहेर आणा की. पण त्या हिरव्या वेताच्या खुर्चीकडे सजावटवाल्याने ज्या नजरेने पाहिलं होतं ती त्यांनी पाहिली होती, म्हणून त्या गप्प बसल्या.

तर अशी व्यवस्था लागली. संध्याकाळी बाहेर मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात सोफ्यावर, आणि आत सिस्टरबाई खुर्चीत. बाहेर बातम्या लागल्या की आत बातम्या, बाहेर गाण्याची स्पर्धा लागली की आतही गाण्याची स्पर्धा. भिंतीपलीकडून हशा आला की सिस्टरबाईही हसायच्या, कधी विनोद कळून, कधी नुसत्याच. आपण सगळे एकत्रच बघतोय, मध्ये फक्त एक भिंत आहे, असं त्यांनी स्वतःला पटवलं. पटत नव्हतं, पण पटवलं.

एकदा चादर काढायला त्यांनी कपाट उघडलं आणि दार तसंच राहिलं. खुर्चीत बसल्या त्या थेट रिमोटवर. समोर मॅच चालू होती, रंगात आलेली, ती एकदम गेली आणि एक बाई कुंडीत रोप कसं लावायचं ते सांगू लागली. भिंतीपलीकडे आधी शांतता, मग "अरे! अरे! काय झालं?" असा आरडाओरडा, आणि मग धावत येणारी पावलं.

मुलगा आत आला. "आई, रिमोट कुठाय? तिकडून लावली की परत जातेय. अगं, शेवटची पाच मिनिटं आहेत!" त्याने आईच्या मांडीखाली, उशीखाली शोधलं, रिमोट हाती लागला, मॅच परत लावली. आता परत बाहेर जायचं तर तेवढ्यात काहीतरी हुकणार, म्हणून तो तिथेच पलंगाच्या कडेला टेकला. टेकला तो मॅच संपेपर्यंत. बघता बघता हात उशालगतच्या बिस्किटांच्या डब्यात गेला. लहानपणीही तो असाच न बघता डब्यात हात घालायचा. जिंकल्यावर त्याने आईच्या पाठीवर जोरात थाप मारली, "बघितलंस?" आणि तो गेला.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. सिस्टरबाई बराच वेळ त्या पलंगाच्या चुरगळलेल्या कडेकडे बघत बसल्या. चादर नीट करायची त्यांची आयुष्यभराची सवय, पण त्या दिवशी हात पुढे झाला नाही.

दुसऱ्या खेपेला चूक नव्हती. तिसऱ्या खेपेला तर नव्हतीच.

सिस्टरबाईंना आपण काय करतोय हे अगदी स्वच्छ कळत होतं. वॉर्डात प्रत्येक खाटेशी घंटा असायची, आणि घंटेच्या आवाजावरून त्या सांगायच्या की कोणाला खरंच दुखतंय आणि कोणाला नुसतं माणूस हवंय. शिकाऊ पोरी धावत निघाल्या की त्या म्हणायच्या, "सावकाश जा. काही झालेलं नाही त्यांना. पाणी द्या, उशी हलवा आणि या." आता स्वतःच घंटा वाजवायला लागल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून कोणी खोलीत येत नाही, आणि बटण दाबलं की येतं. त्यांनी लाजेला गुंडाळून ठेवलं.

बाई हुशार, त्यामुळे काम पद्धतशीर. बाहेरून कोणी परत लावलं की इकडून पुन्हा बदलायचं, माणूस उठून येईपर्यंत. औषध मात्रेतच द्यायचं, रोज नाही. आणि कोणाला बोलवायचं ते कार्यक्रमावर ठरायचं. मॅच किंवा बातम्या हलवल्या की मुलगा यायचा, मालिका हलवली की सून, गाण्याची स्पर्धा हलवली की नात पाय आपटत यायची. आणि येणाऱ्याने काही विचारायच्या आत सिस्टरबाईच तक्रार करायच्या, "काय मेला बॉक्स आहे! आपोआप बदलतो. तापत असेल कपाटात." चोराच्या उलट्या बोंबा, पण इतक्या भोळ्या चेहऱ्याने की बॉक्सचीच बदनामी झाली.

त्यावर उपायही त्यांनीच शोधून काढला. बॉक्स बंद करून पुन्हा चालू करायचा. चालू व्हायला तो चांगलाच वेळ घ्यायचा, पडद्यावर एक गोल गरगरत राहायचा, आणि तोवर आलेल्या माणसाला पलंगावर बसण्यावाचून गत्यंतर नसायचं. बसलेलं माणूस बोलतंच. नातीने असंच बसल्या बसल्या सांगितलं की तिला तो हिशोबाचा विषय मुळीच आवडत नाही, पण बाबांना सांगू नकोस. आणि सून, जी एरवी "आई, गोळ्या घेतल्यात का?" याच्या पलीकडे जात नसे, ती एका संध्याकाळी त्या गरगरत्या गोलाकडे बघत म्हणाली, "आमच्या ऑफिसात नवीन आलेली मुलगी आता माझी साहेब झाली, आई. मी तिला काम शिकवलं होतं." एवढं बोलून तिने पदर नाही, रुमाल नाही, चादरीचंच टोक डोळ्यांना लावलं.

"अगं, मग तिला कळतच असेल की तुला किती येतं," सिस्टरबाई म्हणाल्या. "घाबरत असेल ती तुला. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांना मी शेवटपर्यंत घाबरले."

सून ओल्या डोळ्यांनी हसली. तेवढ्यात बॉक्स चालू झाला आणि मालिकेतली सून रडू लागली, तेव्हा खोलीतल्या दोघीही हसल्या. त्या रात्री जेवताना सुनेने न विचारता सिस्टरबाईंच्या ताटात वाढलं. घरात आपण पुन्हा आहोत, असं सिस्टरबाईंना वाटायला लागलं. दुसरं काही त्यांना नकोच होतं.

पण अति तिथे माती. आणि ती त्यांनी आपल्या हाताने केली.

मुलाच्या ऑफिसातली मंडळी मॅच बघायला घरी येणार होती. सकाळपासून नव्या दिवाणखान्याची पुसापुशी चालली होती. सिस्टरबाईंनी ठेवणीतली साडी काढली, केस विंचरले आणि त्या खुर्चीत तयार होऊन बसल्या. कोणीतरी बोलवेल, निदान "ही माझी आई" एवढं तरी होईल. पाहुणे आले, हसणं खिदळणं सुरू झालं, पेले वाजले. सुनेने सिस्टरबाईंचा चहा आत आणून दिला आणि जाताना दार ओढून घेतलं, आवाजाचा त्रास नको म्हणून.

सिस्टरबाईंनी मॅचचा अर्धा भाग गेला तोवर वाट पाहिली. मग त्यांनी कपाटाचं दार उघडलं आणि बटण दाबलं.

भिंतीपलीकडे एकदम "हे काय!" झालं. कोणीतरी मोठ्याने काहीतरी बोललं आणि सगळे हसले. मुलगा आत आला, पण धावत आला नाही. सावकाश आला, दार मागे लोटलं, न शोधता आईच्या हातातूनच रिमोट घेतला आणि मॅच लावली. साडीकडे त्याचं लक्ष गेलं असावं, कारण तो क्षणभर थांबला.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "आज तरी नको ना गं."

"मी काय केलं? बॉक्सच तो..."

"हो," तो म्हणाला. "बॉक्सच." आणि रिमोट घेऊन तो बाहेर गेला.

ते "आज तरी" सिस्टरबाईंच्या डोक्यातून जाईना. त्यांनी स्वतःला हरतऱ्हेने समजावून पाहिलं. घाईत बोलला असेल, पाहुण्यांसमोर ओशाळला असेल. वॉर्डात रोगी असाच स्वतःला समजावतो, गाठ साधीच असेल म्हणून. पाहुणे गेले तरी त्यांनी साडी बदलली नव्हती.

दोन-तीन दिवसांनी दुपारी केबलवाला आला. घरात फक्त सिस्टरबाई. त्याच्या हातात नवा, खोक्यातला बॉक्स. "हा तुमचा, आजी. जुना आता बाहेर जाणार. सजावटवाल्याने छताला खोटं छत केलंय ना, त्यात जागा काढलीय. डोळाही वरच लावतो."

सिस्टरबाईंना वेगळीच धास्ती. हा जुना बॉक्स उघडून बघणार, त्यात काहीच बिघडलेलं नाही हे याला कळणार, आणि हा ते मुलाला सांगणार. त्यांनी सावधपणे विचारलं, "काय बिघडलंय रे त्या जुन्यात?"

"काही नाही. ठणठणीत आहे." तो स्टुलावर उभा राहून वायर ओढत होता, पाठ त्यांच्याकडे. "साहेब फोनवर म्हणाले ना, बॉक्स चांगलाय, आई बटण दाबते. आम्ही आत जावं म्हणून. म्हणाले, ते तेवढं बंद करून टाक."

सिस्टरबाई आवाज जितका साधा ठेवता येईल तितका साधा ठेवून म्हणाल्या, "आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, आधीपासून माहितीय आम्हाला. सुरुवातीला गंमत वाटायची म्हणे." एवढं बोलल्यावर आपण कोणाशी बोलतोय हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो वळला, त्याचा चेहरा पडला. "आईला काही बोलू नकोस असंही म्हणाले, आजी. तिला वाईट वाटेल म्हणून. माझंच तोंड..."

"तुझं काही चुकलं नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "ते स्टूल डगमगतंय. भिंतीला धर."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि इथे मूठ उघडी असल्याचं फक्त त्यांनाच माहीत नव्हतं. मुलगा पहिल्यापासून जाणत होता. सूनही जाणत होती, नातही. म्हणजे त्या भोळ्या चेहऱ्याने बॉक्सला शिव्या देत होत्या आणि समोरचं माणूस तेवढ्याच भोळ्या चेहऱ्याने ऐकून घेत होतं. घंटा कशासाठी वाजतेय हे तिघांनाही बरोबर कळलं होतं. कळलं नाही म्हणून त्यांनी ती तोडली असती तर सिस्टरबाईंनी माफ केलं असतं. कळूनच तोडली.

संध्याकाळी मुलगा आला, बूटही न काढता आईच्या खोलीत. "लागला का नवा बॉक्स? आता खरा स्वतंत्र हं, आई. तुला वाट्टेल ते बघ, कोणी ओरडणार नाही." त्याने नवा रिमोट हातात घेऊन एकेक बटण समजावलं. रोग्याला घरी सोडताना गोळ्या समजावतात तसं, सावकाश, मोठ्या आवाजात.

"तुला माहीत होतं," सिस्टरबाई म्हणाल्या.

तो थांबला. खोटं बोलावं की नाही हे त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. "हो," तो म्हणाला.

"मग यायचास कशाला?"

"तू बोलवायचीस म्हणून."

"आणि आता?"

तो पलंगाच्या कडेला बसला नाही. उभ्यानेच त्याने रिमोट टीव्हीवर ठेवला, पुन्हा उचलला, खुर्चीच्या हातावर ठेवला. "आई, दिवसभर लोक मला बोलवत असतात. घरी आल्यावर थोडं... मी तुझ्यावर चिडलो नाही. खरंच नाही. पण असं सारखं नाही जमत गं."

"सारखं कोणी म्हटलं? मी मोजूनमापून दाबायचे."

ते ऐकून तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "तू सरळ का नाही म्हणालीस, आई? ये, बस, असं?"

सिस्टरबाईंनी यावर विचार केला. "कारण सरळ बोलवलं आणि नाही आलास, तर मग काही उरत नाही रे," त्या म्हणाल्या.

त्याने बुटाच्या टोकाने फरशीची कड घासली. मग त्याचा चेहरा उजळला. अडचणीवर तोडगा सापडला की त्याचा चेहरा लहानपणापासून असाच उजळायचा. "एक करू. दर रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे तुझ्याकडे येऊन बसत जाऊ. टीव्ही बंद, फोन बाहेर. पाच ते सहा. नक्की, आई. काही झालं तरी."

"बरं," सिस्टरबाई म्हणाल्या.

रविवारी त्यांनी पलंगावर धुतलेली चादर घातली, कडा खेचून, कोपरे दाबून, वॉर्डात घालत तशी. पाच वाजता तिघंही आले. मुलाने शब्द पाळला, त्याला बोल लावायला जागा नाही. सुनेने सफरचंदं आणली होती, धुऊन, पिशवीत. तिघं पलंगाच्या कडेला ओळीने बसली, पाठी ताठ ठेवून, हात मांडीवर.

"बरं वाटतंय ना?" मुलाने विचारलं.

"हो, बरं आहे."

"गुडघे?"

"आहेत आपले."

"झोप लागते ना, आई?" सुनेने विचारलं. सिस्टरबाई म्हणाल्या, लागते. ऑफिसातल्या त्या मुलीचं काय झालं, असं त्यांनी तिला विचारलं. सुनेने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि ती म्हणाली, "चाललंय, ठीक." नात नखं बघत होती. हिशोबाच्या विषयाचं तिच्या बाबांसमोर विचारता येण्यासारखं नव्हतं. मग मुलाने खिडकीची कडी सैल झालीय असं म्हणून ती हलवून पाहिली. पडद्यावर गरगरणारा गोल नव्हता, त्यामुळे कशाची वाट बघायची ते कोणालाच कळेना.

मुलाने घड्याळाकडे पाहिलं, चोरून, मनगट न वळवता. सिस्टरबाईंनी असं बघणारी माणसं आयुष्यभर पाहिली होती. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून ती अशीच बघत, आणि प्रेम नसायचं असं मुळीच नाही, प्रेम असायचं, पण लांबच्या गावाची बस निघून जायची. आणि शहाणा रोगी काय करतो तेही त्यांनी पाहिलं होतं. तो पाहुण्यांना उठायची लाज वाटू देत नाही. स्वतःच मोकळं करतो.

सहा वाजायला बराच अवकाश होता. सिस्टरबाईंनी चादरीवरून हात फिरवला आणि त्या पुढे झुकल्या.

"निघा आता तुम्ही," त्या म्हणाल्या. "लांब जायचंय तुम्हाला."

नात हसली. आजीने विनोद केला असं तिला वाटलं. सून हसली नाही. मुलगा उठला, त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला, "काळजी घे," म्हणाला, आणि दार हळूच ओढून घेतलं.